वडील काय करतात?

पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं उदगीर, तिथून एसटीनं जळकोट. सकाळी ती स्टँडवर उतरली तेव्हा मी तिथंच चहा घेत बसलो होतो. माझी जुनी विद्यार्थिनी. तांड्यावरची. लातूरला मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. एका बड्या परदेशी कंपनीच्या पुण्याकडच्या कारखान्यात मुलाखत देऊन आली होती.

"कशी झाली ग?"

"सगळं बरोबर सांगितलं सर. एकच खोटं बोलले."

"काय?"

"वडील काय करतात म्हणून विचारलं. मी म्हणलं, शेती."

दोन एकर मुरमाड रान बापाच्या नावावर आहे, हे खरं. पण दसरा झाला की तिचे आई-बाप कोयता घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला जातात, हेही तितकंच खरं. मुकादमाची उचल घ्यायची, पाच-सहा महिने फडात राबायचं, उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. त्या काळात ही पोरगी कधी आजीजवळ, कधी हंगामी वसतिगृहात राहून शिकली. ज्या कष्टानं तिचा डिप्लोमा झाला, तेच कष्ट तिनं मुलाखतीत लपवले. मी तिच्यावर रागावलो नाही. ज्यानं तो प्रश्न विचारला त्याच्यावर रागावलोय आणि आठवडा झाला तरी तो राग उतरलेला नाही.

तिनं आणखी एक सांगितलं. जिथं बसवलं होतं त्या खोलीत भिंतभर एक फलक होता. वेगवेगळ्या रंगांचे हसरे चेहरे आणि खाली मजकूर, की इथं प्रत्येकाला जागा आहे. ती तो फलक दोनदा वाचून आत गेली.

फलक लावणाऱ्यांना माझा सरळ सवाल आहे. लेथवर काम करायला, ड्रॉइंग वाचायला, मशीन का थांबली हे शोधायला बापाचा धंदा कशाला लागतो?

हा प्रश्न चुकून कुणाच्या तोंडून निघत नाही. 2007 साली सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन या दोन अभ्यासकांनी दिल्लीतल्या मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी सविस्तर बोलून एक निबंध लिहिला. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, असं ते अधिकारी ठासून सांगत होते. आणि तेच अधिकारी उमेदवाराला घरची माहितीही विचारत होते. वडील काय करतात, घरात शिकलेलं कोण, वाढलात कुठं. त्यांना ही चौकशी गुणवत्तेचाच भाग वाटत होती. चांगलं घर म्हणजे चांगला माणूस, इतका सोपा हिशेब. माझ्या मते आपल्याकडच्या सगळ्या समावेशाची गाडी इथंच अडते. भेदभाव करतोय असं करणाऱ्याला वाटतच नाही. आपण आपुलकीनं विचारपूस करतोय, असं त्याला वाटतं.

बाप इंजिनिअर असेल तर या प्रश्नानं गप्पा सुरू होतात. अच्छा, कुठल्या कंपनीत? आमच्याही ओळखीचे आहेत तिथं. दोन मिनिटं जातात, पोराची धडधड थांबते, पुढची उत्तरं मोकळी येतात. बाप ऊसतोड करणारा असेल तर टेबलाच्या दोन्ही बाजूंना गप्प व्हायला होतं. पुढचा अर्धा तास त्या गप्प होण्याचं ओझं पोरीनं वाहायचं. प्रश्न एकच, पण एकाला तो हात देतो आणि दुसरीला मागं ढकलतो.

खरं तर तो विचारायचीही गरज पडत नाही. आडनाव पुरतं. त्याच 2007 साली पॉल अटेवेल आणि सुखदेव थोरात यांनी याची मोजदाद करून दाखवली. खासगी कंपन्यांच्या 548 जाहिरातींना त्यांनी 4,808 अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव सारखेच. फरक फक्त नावाचा. एक नाव सवर्ण हिंदू, एक दलित, एक मुस्लिम. मुलाखतीचं बोलावणं यायची शक्यता सवर्ण नावाला 1 धरली, तर दलित नावाला ती 0.67 आली आणि मुस्लिम नावाला 0.33. अर्जातला माणूस कुणी पाहिलेला नव्हता, त्याचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. जळकोट, उदगीर, मुखेडच्या भागात शेख, सूर्यवंशी, राठोड, कांबळे शेजारी शेजारी राहतात, एकाच शाळेत शिकतात. त्यांचे अर्ज एकाच दिवशी पुण्याला गेले तर ते एकाच वेगानं पोचत नाहीत, असा याचा अर्थ आहे.

सुखदेव थोरात शिकले ते औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1950 साली मराठवाड्यात सुरू केलेलं हे महाविद्यालय. घरात पाटीसुद्धा न पाहिलेल्या पोरांना तिथं आत घेतलं, शिकवलं, राहायला जागा दिली. त्यातलाच एक विद्यार्थी पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचा अध्यक्ष झाला आणि कंपन्यांचं माप त्यानंच काढलं. बाप काय करतो हे बघून दार उघडलं असतं, तर ते माप काढणारा माणूसच आपल्याला मिळाला नसता.

आता भाषेकडं येतो, कारण त्या कंपनीनं पोरीला नाकारलं आणि निमित्त तेच दिलं. कम्युनिकेशन कमी पडतं, म्हणे.

ही पोरगी घरात गोरमाटी बोलते. शाळेत मराठी शिकली. जळकोटच्या बाजारात दखनी बोलते. आई-बाप कर्नाटकातल्या फडावर असायचे तेव्हा जाऊन-येऊन कामापुरतं कानडीही उचललं. इंग्रजी तांत्रिक पुस्तक वाचून परीक्षा दिली. पाच भाषांत ज्या पोरीचा वावर आहे तिला संवाद जमत नाही, असा शेरा मारणाऱ्याला संवाद या शब्दाचा अर्थ कळत नाही. तिला एकच गोष्ट येत नव्हती. इंग्रजी माध्यमातली पोरं ज्या चालीवर बोलतात, ती चाल.

आमच्या भागाला हे नवं नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. आमचं उदगीर तेव्हा बिदर जिल्ह्यात. कचेरी उर्दूत चालायची, 1918 साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून. मराठी, कानडी, तेलुगू बोलणाऱ्या रयतेला सरकारी चाकरी हवी असेल तर आधी दरबाराची भाषा शिकायची. आमचे आजोबा ती शिकले. कागद उर्दूत लिहायचे आणि ओव्या मराठीत म्हणायचे. त्या राज्याविरुद्ध लोक लढले त्यात भाषेचाही सल होता. आज दरबार हिंजवडीत आणि चाकणला भरतो. भाषा बदलली, दारातला शिपाई तोच आहे. इंग्रजी शिकू नका असं मी कुणालाही सांगणार नाही, माझ्या वर्गात तर कधीच सांगितलं नाही. जगाशी व्यवहार करायचा तर ती लागणारच. पण नोकरी लागल्यावर सहा महिन्यांत जी गोष्ट शिकवता येते, ती दारातच मागून माणूस परत पाठवायचा, हा तोटा कंपनीचाही आहे.

कंपन्या म्हणतील, आमच्याकडं आकडे आहेत. आहेतच. सेबीनं शेअर बाजारातल्या मोठ्या 1,000 कंपन्यांना 2022-23 पासून दरवर्षी एक अहवाल देणं सक्तीचं केलं. त्यात पुरुष किती, महिला किती, दिव्यांग किती, संचालक मंडळावर महिला किती, हे सगळं भरावं लागतं. ही चांगली गोष्ट आहे आणि ती लढून मिळालेली आहे. पण त्या तक्त्यात जातीचा रकाना नाही. घरातून पहिल्यांदा कारखान्याच्या कार्यालयात पाऊल ठेवणारे किती, हा रकाना नाही. माणूस कुठल्या तालुक्यातून आला, हाही नाही. पुढे 2023 मध्ये ग्रामीण, निमशहरी, शहरी आणि महानगरी भागात पगारावर किती खर्च झाला तेवढं विचारलं जाऊ लागलं. पण ते कामाच्या ठिकाणाबद्दल. जळकोटची पोरगी पुण्यात कामाला लागली तर ती पुण्याच्या खात्यावर पडणार. मोजलंच नाही तर नाही म्हणायलाही कुणी बांधील राहत नाही.

2006 साली खासगी क्षेत्रात आरक्षणाची चर्चा तापली, तेव्हा उद्योगजगतानं स्वतःहून पुढाकार घेतो असं सांगितलं. नागपूरला जन्मलेले, तिथंच शिकलेले आणि टाटा स्टील घडवलेले जमशेद इराणी त्या कृतिगटाचे प्रमुख होते. प्रशिक्षण देऊ, शिष्यवृत्त्या देऊ, दलित-आदिवासी उद्योजकांकडून माल घेऊ, अशी ती योजना. काही कंपन्यांनी मनापासून काम केलं. पण जे स्वेच्छेवर सोडलं ते अनेकांनी सोडूनच दिलं. दोन पिढ्या पोरं या काळात बारावी होऊन गेली.

बायकांच्या बाबतीत मात्र दार हललेलं मी पाहिलंय, म्हणून माझा धीर खचत नाही. 1974 साली टेल्कोच्या नोकरीच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये अशी ओळ होती. बंगळुरूत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. कंपनीनं त्यांना पुण्याला मुलाखतीला बोलावलं आणि कामावर घेतलं. त्याच कंपनीच्या, आजच्या टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या कारखान्यात 2022 साली दीड हजारांच्या आसपास महिला हॅरिअर आणि सफारी गाड्या जोडत होत्या. जाहिरातीतली एक ओळ खोडली म्हणून एवढं होऊ शकतं. मुलाखतीतला एक प्रश्न खोडा, एवढंच मी मागतोय.

बाई आणि काम यांचं गणित आमच्या तांड्यावर कसं मांडतात तेही या अधिकाऱ्यांनी ऐकावं. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाप ऊस तोडतो, आई, गोरमाटीत याडी, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते, पहाटे उठून भाकरीही तीच थापते. उचल नवऱ्याच्या नावावर आणि हिशेबात ती अर्धा कोयता. त्या अर्ध्या कोयत्याची लेक तुमच्या दारात पूर्ण माणूस म्हणून उभी होती. तिनं वडिलांबद्दल खोटं सांगितलं. आई काय करते, हे तर तिला कुणी विचारलंही नाही.

साहेबांच्या देशात आता वारं फिरलंय. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेत सत्ता बदलली आणि सरकारी विविधता कार्यक्रमांवर बंदीचे आदेश निघाले. मेटानं आपले कार्यक्रम गुंडाळले. अ‍ॅक्सेंचरनं फेब्रुवारीत जगभरची विविधतेची उद्दिष्टं संपल्याचं जाहीर केलं. भारतात लाखोंना कामावर ठेवणारी ही कंपनी, पुण्यात तिची मोठी कचेरी. वॉशिंग्टनमधल्या एका सहीनं पुण्यातला नियम पुसला जात असेल, तर तो नियम पुण्यासाठी कधी केलेलाच नव्हता. आमच्याकडं समावेशाचं कारण अमेरिकेतून आलेलं नाही. 26 जुलै 1902 रोजी करवीर दरबारानं मागास समाजांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, तेव्हा जगात कुठल्या कंपनीत विविधता अधिकारी नव्हता. शाहू महाराजांनी हुकूम काढला आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यायला लोक येईनात, तेव्हा महाराज स्वतः तिथं जाऊन चहा प्याले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजला. समावेशावर प्रशिक्षण घेणाऱ्या प्रत्येक मॅनेजरनं आपल्या कँटीनमध्ये कोण कुणाच्या टेबलावर बसतं हे आठवडाभर नुसतं पाहावं.

जात समुद्र ओलांडत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी सिस्कोचं प्रकरण वाचावं. जून 2020 मध्ये कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क खात्यानं या कंपनीवर खटला भरला. एका दलित अभियंत्याला त्याच्या भारतीय वरिष्ठांनी जातीवरून डावललं, अशी तक्रार होती. कंपनीनं आरोप नाकारले. दोन अधिकाऱ्यांविरुद्धचा भाग 2023 मध्ये मागे घेतला गेला, कंपनीविरुद्धचा पुढे चालला. पण त्या खटल्यानं जात हा शब्द तिकडच्या नियमपुस्तकांत शिरला. फेब्रुवारी 2023 मध्ये सिएटल शहरानं जातिभेदावर बंदी घातली. ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत जन्मानं पुण्याच्या. सिएटलच्या कार्यालयात जो शब्द चालतो, तो पुण्याच्या कार्यालयात उच्चारला की लोक खाली बघतात. हे मला असह्य होतं.

हे सगळं आत्ताच का लिहितोय? कारण मोठा कारखाना आता आमच्याच दारात आहे. लातूरच्या मराठवाडा रेल्वे कोच फॅक्टरीची पायाभरणी 2018 साली झाली. रशियाची ट्रान्समाशहोल्डिंग आणि आपलं रेल विकास निगम यांच्या भागीदारीतल्या कायनेट या कंपनीनं वंदे भारत शयनयानाचे 1,920 डबे बांधायचं काम घेतलं आणि त्यासाठी लातूरची जागा ठरली. आमच्या आई-बापांनी ऊसतोडीला जाताना ट्रॅक्टर पाहिले, आता पोरं रेल्वेचे डबे बांधू शकतात. स्थानिकांना प्राधान्य, असं सरकार म्हणतं. पण राज्याच्या धोरणात स्थानिक म्हणजे महाराष्ट्राचा अधिवासी. त्या व्याख्येत मुंबई-पुण्याचा उमेदवारही लातूरला स्थानिकच ठरतो. माझी मागणी त्याहून बारीक आहे. भरती करणाऱ्यांनी उदगीरला यावं, जळकोटला यावं, आयटीआय आणि तंत्रनिकेतनांच्या दारात टेबल टाकावं. पहिली मुलाखत उमेदवाराला ज्या भाषेत विचार सुचतो त्या भाषेत घ्यावी. कुठल्या तालुक्यातून किती घेतले ते दरवर्षी छापावं. दिव्यांग पोरांसाठी समान संधीचं धोरण खासगी आस्थापनेलाही 2016 च्या कायद्यानं बंधनकारक आहे, ते मराठीत दारावर लावावं, म्हणजे एक पाय अधू असलेल्या माझ्या दुसऱ्या विद्यार्थ्याला लातूरला जाऊन विचारत फिरावं लागणार नाही. आणि तो एक प्रश्न विचारू नये.

ती पोरगी आता लातूरच्या एमआयडीसीत एके ठिकाणी अर्ज करतेय. परवा सरावासाठी घरी आली. मी समोर बसून मुलाखत घेतली. वडिलांचं विचारलं नाही. म्हणालो, "अवघड हिशेब कधी केलास का, तो सांग."

ती जरा थांबली. मग बोलायला लागली, आणि या वेळी अडखळली नाही.

"2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला सर. मी सुट्टीत फडावर गेले होते. बाच्या पिशवीत काट्याच्या पावत्या होत्या. मुकादमानं वहीत जुनाच दर धरला होता. टोळीत अकरा कोयते. मी प्रत्येक खेपेचं वजन पावतीवरून उतरवून घेतलं, कोयत्यावार वाटलं, नव्या दरानं मांडलं, उचल वजा केली. कोपीत दिव्याखाली दोन रात्री लागल्या. फरक निघाला तो याडीनं सगळ्या बायकांना सांगितला. मग सगळे मिळून मुकादमाकडं गेलो."

"मग?"

"दिला सर. अकराही कोयत्यांचा दिला."

"ती वही आहे का ग अजून?"

"आहे." मग जरा चाचरत म्हणाली, "मुलाखतीला नेऊ?"

"ने," मी म्हणालो.